एन्झो फर्नांडेझ: नाव गोलाने, काम पासचं

सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा वाजले होते. कतारमध्ये तारीख अजून 26 नोव्हेंबर 2022 होती. चार दिवसांपूर्वी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलं होतं. मेक्सिकोकडूनही हरले असते, तर मेसीचा विश्वचषक गटातच आटोपला असता. लुसैलच्या मैदानावर 88,966 माणसं होती आणि पहिला तासभर त्यातल्या निळ्या-पांढऱ्या निम्म्यांनी श्वास रोखून धरला होता. 64व्या मिनिटाला मेसीने बॉक्सच्या बाहेरून चेंडू कोपऱ्यात सारला आणि जीव भांड्यात पडला. तरी एका गोलाची आघाडी म्हणजे टांगती तलवारच.

87व्या मिनिटाला अर्जेंटिनाने कॉर्नर आखूड घेतला. चेंडू मेसीकडे आला आणि मेसीने तो बॉक्सच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या 24 नंबरच्या पोराकडे ढकलला. पोराने समोरच्याला पायांची हूल दिली, आत वळला आणि उजव्या पायाने चेंडू असा वळवून मारला की मेक्सिकोचा गोलरक्षक ओचोआ पूर्ण ताणून झेपावला, तरी तो दूरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मेसीने त्याला मिठी मारली. आपल्याकडे तेव्हा सव्वादोनच्या आसपास वाजले असतील. विश्वचषक आला की कोल्हापुरात चौकाचौकात मेसी-नेमारचे कटआउट लागतात आणि पेठेतली पोरं अर्जेंटिना-ब्राझील अशी वाटली जातात. तिथेसुद्धा त्या रात्री बहुतेकांचा पहिला प्रश्न 'हा कोण?' हाच असणार.

तो एन्झो फर्नांडेझ. वय 21, पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा मध्यरक्षक. पाच महिन्यांपूर्वी 1 कोटी युरोला, तेही पाऊण हिश्श्यासाठी, अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबकडून विकला गेलेला. त्या गोलानंतर नऊ आठवडे उलटले आणि चेल्सीने त्याच्यासाठी 12 कोटी 10 लाख युरो मोजले. ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत महागडा खेळाडू.

हे प्रकरण मला या आकड्यांमुळे लिहावंसं वाटत नाही. आकडे फुटबॉलमध्ये रोज फुगतात. खटकतं ते वेगळंच. एन्झोचं खरं काम पास देण्याचं. आपल्या बचावपटूंकडून चेंडू घ्यायचा, अंगावर धावून येणाऱ्याला चुकवायचं आणि पुढच्याच्या पायात चेंडू नेमका ठेवायचा. अर्जेंटिनात या जागेला नुसतं 'सिंको' म्हणतात, म्हणजे पाच नंबर. रेदोंदो, मास्चेरानो यांची जागा. हे काम चोख झालं की दिसतच नाही. एन्झोला प्रसिद्धी मिळाली ती एका गोलाने आणि एका पत्राने, बदनामी मिळाली ती एका गाण्याने. या तिन्हींत पास कुठे आहे?

आधीची वीस वर्षं

जन्म 17 जानेवारी 2001, ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या सान मार्टिनमध्ये. वडील रिव्हरचे कट्टर भक्त, म्हणून पोराचं नाव एन्झो फ्रान्सेस्कोलीवरून ठेवलं. फ्रान्सेस्कोली उरुग्वेचा, पण रिव्हरवाल्यांना तो घरचाच. 1996 साली त्याच्याच नेतृत्वाखाली रिव्हरने कोपा लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, जिंकला होता. आपल्याकडे त्या काळात जन्मलेल्या कितीतरी पोरांची नावं सचिन निघाली, तसंच हे. मात्र एन्झोच्या बाबतीत गंमत अशी झाली की तो पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर पोचला, तेव्हा ज्याचं नाव त्याला मिळालं होतं तो फ्रान्सेस्कोलीच रिव्हरचा क्रीडा संचालक होता.

रिव्हरच्या बालसंघात तो जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना आला. तिथून पुढचा प्रवास काही अद्भुत बालकाचा नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण नंतर लिहिलेल्या गोष्टींमध्ये सगळं पहिल्यापासून ठरलेलं असल्यासारखं वाटतं. प्रशिक्षक मार्सेलो गायार्दोच्या संघात त्याला जागाच नव्हती. 2020 मध्ये त्याला उसनवारीवर देफेन्सा इ हुस्तिसियाला पाठवलं गेलं. फ्लोरेन्सियो वारेलाचा हा छोटा क्लब, प्रशिक्षक एर्नान क्रेस्पो. जानेवारी 2021 मध्ये या क्लबने कॉर्डोबात लानुसला 3-0 हरवून कोपा सुदअमेरिकाना, म्हणजे खंडातल्या क्लबांचा दुसऱ्या क्रमांकाचा चषक, जिंकला. काही महिन्यांनी रेकोपामध्ये, म्हणजे या दोन चषकांच्या विजेत्यांच्या लढतीत, ब्राझीलच्या पाल्मेरासला पेनल्ट्यांवर हरवलं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला रिव्हरच्या बाकावर बसून जे शिकता आलं नसतं, ते तिथे मिळालं: दर आठवड्याला सामना, मोठ्या संघांविरुद्ध दबावाखाली चेंडू सांभाळायची सवय आणि चुकलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात. 2021च्या मध्याला गायार्दोने त्याला परत बोलावलं. त्याच वर्षी रिव्हर लीगचा विजेता ठरला आणि एन्झो मधल्या फळीचा मालक झाला.

2022च्या उन्हाळ्यात बेनफिका आला. लिस्बनचा हा क्लब दक्षिण अमेरिकेतून कच्चा माल घेऊन पक्का विकण्यात मुरलेला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी डार्विन नुन्येझला लिव्हरपूलला विकलं होतं. रिव्हरही काही कमी नव्हता. चौथा हिस्सा त्यांनी स्वतःकडे ठेवला, म्हणजे पुढच्या विक्रीतही वाटा. बेनफिकाचा प्रशिक्षक रॉजर श्मिटच्या संघात एन्झोने पहिल्याच सामन्यात गोल केला. चॅम्पियन्स लीगच्या गटात पॅरिस सेंट-जर्मेन आणि युव्हेन्टस असूनही बेनफिका पहिला आला. पॅरिसचे आणि त्यांचे गुण सारखेच होते, निकाल लागला तो परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे. युरोपातल्या जाणत्यांनी त्याला ओळखलं ते इथे, कतारच्या आधी. पण जाणत्यांची ओळख म्हणजे लोकप्रियता नव्हे.

सात सामने

कतारला तो गेला तेव्हा राष्ट्रीय संघात नवखाच होता. पहिला सामना होंडुरासविरुद्ध सप्टेंबर 2022 मध्ये, तोही बदली म्हणून. मधल्या फळीतला लो सेल्सो ऐनवेळी जायबंदी झाला, म्हणून जागा थोडी मोकळी झाली. सौदीविरुद्ध तो पारेदेसच्या जागी उतरला, मेक्सिकोविरुद्ध 57व्या मिनिटाला गिदो रोद्रिगेझच्या जागी. पोलंडपासून अंतिम सामन्यापर्यंत प्रत्येक वेळी सुरुवातीपासून.

गोलाचं चित्र हजारदा दाखवलं गेलं, पण त्या स्पर्धेतलं त्याचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. प्रशिक्षक स्कालोनीने त्याला बरोबर माणसं दिली. एका बाजूला दे पॉल, जो दोघांचं धावणं एकटा धावतो. दुसऱ्या बाजूला मॅक अ‍ॅलिस्टर, ज्याला मोकळी जागा कुठे आहे ते न बघताही कळतं. मध्ये एन्झो, चेंडू घ्यायला कायम हजर. क्रोएशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात पहिला अर्धा तास क्रोएशियाच चेंडू खेळवत होती. मग एन्झोने मागून एकच लांब चेंडू बचावफळीच्या पाठीमागे टाकला. हुलियन अल्वारेझ त्यावर धावला, गोलरक्षकाशी टक्कर झाली, पेनल्टी मिळाली आणि मेसीने गोल केला. नोंदीत मेसीचं नाव, आठवणीत अल्वारेझची धाव. सामना कुलूपबंद होता तो उघडला त्या लांब चेंडूने.

तो निर्दोषही नव्हता. ऑस्ट्रेलियाचा एक फटका त्याला लागून चेंडू आपल्याच जाळीत गेला. नेदरलँड्सविरुद्ध जादा वेळेत त्याचा फटका खांबाला लागला आणि नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने चेंडू बाहेर मारला. लाउतारोने पुढची पेनल्टी मारली नसती, तर एन्झोचं नाव आज अर्जेंटिनात कुठल्या सुरात घेतलं गेलं असतं? उत्तर सोपं आहे आणि कडूही. सामना जिंकला म्हणून ती पेनल्टी कुणाला आठवत नाही.

अंतिम सामना फ्रान्सबरोबर 3-3, पेनल्ट्यांवर 4-2. स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून एन्झोची निवड झाली. या पुरस्कारासाठी 1 जानेवारी 2001 किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. म्हणजे तो सतरा दिवस आधी जन्मला असता, तर यादीतच बसला नसता.

पत्र

मेक्सिकोविरुद्धच्या गोलानंतर कुणीतरी एक जुनी फेसबुक पोस्ट उकरून काढली. जून 2016 मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना चिलीकडून पेनल्ट्यांवर हरली. मेसीची पेनल्टी हुकली होती आणि राष्ट्रीय संघाकडून आपण आता खेळणार नाही असं तो बोलून बसला. त्या वेळी पंधरा वर्षांच्या एन्झोने मेसीला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. सार असं: तुझ्यावर जेवढा भार आहे त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा आम्ही कधी पेलला नाही, मग आम्ही कोण तुला समजावणार? जायचं तर जा, पण राहिलास तर मजा म्हणून खेळ. मेसी त्याच वर्षी परतला. अर्थातच या पत्रामुळे नव्हे. लाखो पोरांपैकी एकाचं ते पत्र त्याने वाचलं असण्याची शक्यता शून्याजवळची.

पण सहा वर्षांनी तोच पोरगा मेसीच्या पासवर गोल करतो, म्हटल्यावर त्या पत्राला पाय फुटले. ते भाषांतर होऊन जगभर फिरलं. एन्झोची लोकप्रियता समजून घ्यायची तर हे पत्र गोलाइतकंच वजनाचं आहे. गोल कुणीही करतं. पण चाहता होता तोच खेळाडू झाला, ही गोष्ट प्रत्येक चाहत्याला आपलीच वाटते. अर्जेंटिनातल्या लोकांना त्या संघात मेसीचे चेले दिसत होते: अल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर, दे पॉल. एन्झोकडे तर त्याचा लेखी पुरावाच होता.

बारा कोटी

विश्वचषकानंतर बेनफिकाची अडचण अशी झाली की एन्झो परत आला, पण मन आलं नाही. करारात सुटकेची रक्कम, म्हणजे जी भरली की दुसऱ्या क्लबला त्याला नेता येईल ती, 12 कोटी युरो लिहिलेली होती. नववर्षाला तो क्लबच्या परवानगीशिवाय अर्जेंटिनाला गेला आणि सराव चुकवला. श्मिटने त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं. ज्या क्लबला एन्झो हवा होता त्यालाही श्मिटने जाहीरपणे सुनावलं. शेवटी 31 जानेवारी 2023ला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपायच्या रात्री, सौदा झाला. खेळाडूलाच थांबायचं नव्हतं, असं बेनफिकाचे अध्यक्ष रुई कोस्टा यांनी नंतर सांगितलं. रुई कोस्टा स्वतः पोर्तुगालचे एकेकाळचे जादूगार मध्यरक्षक. त्यांच्या बोलण्यात हिशेबापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. बेनफिकाचं नुकसान मात्र झालं नाही. एन्झोशिवाय त्यांनी लीग जिंकली आणि त्याच मोसमात जोआव नेव्हेस नावाचा अकादमीतला पोरगा मधल्या फळीत उगवला, जो पुढे पॅरिसने नेला.

चेल्सीच्या बाजूने पाहिलं तर किंमत वेडेपणाची वाटते: 10 कोटी 68 लाख पौंड. त्याआधीचा ब्रिटिश उच्चांक ग्रीलिशचा 10 कोटींचा होता. पण चेल्सीच्या नव्या अमेरिकी मालकांनी हिशेबातली एक फट शोधली होती. खेळाडूची किंमत करार जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांत विभागून वहीत मांडता येते. एन्झोचा करार 2031 पर्यंतचा, साडेआठ वर्षांचा. म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा कोटी पौंड. पाच वर्षांचा करार असता तर हाच आकडा दोन कोटींच्या वर गेला असता. पुढे युरोपीय फुटबॉल संघटनेने (युएफा) आणि मग प्रीमियर लीगनेही ही विभागणी पाच वर्षांवर आणली, पण जुन्या करारांना हात लावला नाही. विश्वचषकाची झळाळी, लांब करार आणि ठेचून मोल मागणारा विक्रेता, या तिन्हींची बेरीज म्हणजे ती किंमत. खेळ त्यात होताच, पण त्याचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड.

ज्या दिवशी एन्झो आला त्याच दिवशी चेल्सीने जोर्जिन्योला आर्सेनलला विकलं. म्हणजे मधल्या फळीचा सूर लावणारा जुना गडी गेला आणि 22 वर्षांच्या पोराच्या हातात तंबोरा दिला. भोवती कोण? पहिल्या अर्ध्या मोसमात प्रशिक्षक ग्रॅहॅम पॉटर गेला, एका सामन्यापुरता ब्रुनो साल्तोर आला, मग लॅम्पार्ड. संघ बारावा आला. उन्हाळ्यात कान्ते, कोवाचिच, माउंट सगळे गेले. नंतर पोचेत्तिनो, नंतर मारेस्का. दीड वर्षात पाच प्रशिक्षक. दे पॉलसारखा धावणारा शेजारी नाही आणि इंग्लंडमध्ये चेंडू हरवला की प्रतिस्पर्धी तीन पासात तुमच्या बॉक्समध्ये. एन्झो वेगवान कधीच नव्हता. कतारमध्ये ही उणीव झाकली गेली होती, इथे ती दर शनिवारी उघडी पडायची. ऑगस्ट 2023 मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध पेनल्टी अडवली गेली. त्याच महिन्यात मध्यरक्षक कायसेडो त्याहून जास्त किमतीच्या सौद्यात आला आणि महागडेपणाचा टिळाही गेला. 2024च्या एप्रिलमध्ये हर्नियाची शस्त्रक्रिया.

त्या काळात त्याच्यावर झालेली टीका मला निम्मी खरी वाटते. तो मंद दिसायचा, हे खरं. पण बारा कोटींचा आकडा कपाळावर लिहिलेल्या माणसाकडून लोक साधा पास बघायला तयार नसतात. साडीच्या दुकानात जास्त किमतीची घडी उलगडली की नजर आपोआप डाग शोधते, तशातला प्रकार.

बसमधलं गाणं

14 जुलै 2024. मायामीत कोलंबियाला 1-0 हरवून अर्जेंटिनाने पुन्हा कोपा अमेरिका जिंकला. संघाच्या बसमध्ये जल्लोष चालला होता आणि एन्झो तो इन्स्टाग्रामवर थेट दाखवत होता. त्यात एक गाणं सुरू झालं, कतारच्या वेळी अर्जेंटिनाच्या चाहत्यांनी रचलेलं. फ्रान्सच्या खेळाडूंच्या आई-बापांच्या आफ्रिकी मुळांवर बोट ठेवून ते खरे फ्रेंच नाहीतच, असं सांगणारं. पुढे त्याहून ओंगळ.

फ्रेंच फुटबॉल संघटनेने फिफाकडे तक्रार केली. चेल्सीत त्याचे अनेक सहकारी फ्रेंच, आफ्रिकी मुळांचे. वेस्ली फोफानाने ती चित्रफीत टाकून त्याला सरळसरळ वर्णद्वेष म्हटलं. चेल्सीने शिस्तभंगाची चौकशी सुरू केली. एन्झोने माफी मागितली: गाण्यातली भाषा अत्यंत अपमानकारक आहे, तिला समर्थन नाही, आपण जल्लोषात वाहवलो.

वाहवलो हे खरं असेलही. पण जल्लोषात तोंडून निघतं ते आधी पाठ असलेलंच, आणि बसमधल्या कुणालाही ते थांबवावंसं वाटलं नाही, हे जास्त बोलकं आहे.

मायदेशी उलटंच घडलं. क्रीडा उपसचिव हुलिओ गार्रो यांनी मेसीने कर्णधार म्हणून माफी मागावी असं सुचवलं, तर त्यांचीच खुर्ची गेली. उपराष्ट्राध्यक्ष विक्टोरिया विलारुएल यांनी एन्झोची बाजू घेत वसाहतवादी देशांनी आम्हाला शिकवू नये, असा सूर लावला. एकाच चित्रफितीने एन्झो लंडनमध्ये गुन्हेगार ठरला आणि ब्युनोस आयर्समध्ये स्वाभिमानाचा झेंडा. दोन्हीकडे फुटबॉलचा संबंध नव्हता. लोकप्रियता एका देशात कमी होताना दुसऱ्यात वाढू शकते, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

सरावाला परतल्यावर त्याने सहकाऱ्यांची माफी मागितली आणि भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला देणगी देण्याचं ठरवलं, क्लबनेही तेवढीच भर घातली. नेहमीचा कर्णधार रीस जेम्स जायबंदी असल्याने नव्या मोसमाच्या सुरुवातीला मारेस्काने कर्णधाराची पट्टी एन्झोच्याच दंडावर बांधली. धाडसी निर्णय. काहींना तो लगेच माफ केल्यासारखा वाटला, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुन्हा मैदान

2024च्या शरदात तो लीगच्या संघाबाहेर बसला. कायसेडो आणि लाव्हिया ही जोडी जमली होती. नोव्हेंबरमध्ये लेस्टरविरुद्ध तो परतला तेव्हा जागा बदललेली होती: मागून चेंडू उचलणारा नव्हे, तर पुढे बॉक्समध्ये उशिरा पोचणारा. मागची राखण कायसेडोकडे. म्हणजे स्कालोनीने दे पॉलकरवी जे साधलं होतं, ते मारेस्काने दुसऱ्या वाटेने साधलं. त्या सामन्यात एन्झोने गोल केला. 28 मे 2025ला पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये कॉन्फरन्स लीगच्या, युरोपातल्या तिसऱ्या पातळीच्या क्लब स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात स्पेनचा बेटिस एका गोलाने पुढे असताना सहकारी पामरच्या क्रॉसवर डोकं घालून बरोबरी साधली ती यानेच. चेल्सी 4-1 जिंकली. जुलैमध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिसला 3-0. इंग्लंडमध्ये लोक आता किमतीबद्दल कमी आणि त्याच्या धावांबद्दल जास्त बोलू लागले.

पण या प्रकरणातला माझा आवडता सामना त्याआधीचा, 25 मार्च 2025चा. आपल्याकडे तोवर 26 तारखेची पहाट उजाडत होती, साडेपाच. विश्वचषक पात्रतेत अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील, मैदान मोन्युमेंटाल, रिव्हरचं घर. मेसी दुखापतीमुळे नव्हता. 12व्या मिनिटाला एन्झोने गोल केला. मैदान पेटलं, टीव्हीने तो पाच कोनांतून दाखवला. 37व्या मिनिटाला त्याने बॉक्सवर एक अलगद चेंडू उचलून टाकला, बचावपटूंच्या डोक्यावरून, मॅक अ‍ॅलिस्टरच्या धावेच्या अचूक पुढ्यात, आणि त्याने तो जाळीत घातला. सामना 4-1. दुसऱ्या दिवशीच्या झलकांमध्ये मॅक अ‍ॅलिस्टरचा फटका होता, गोलरक्षकाचा चेहरा होता. पास मला मागे सरकवून बघावा लागला.